स्वयंसेवेच्या नावाखाली प्रौढ शिक्षणाला तिलांजली

पंधरा वर्षांवरील निरक्षरांना शिकविणे हे राज्यसंस्थेचे काम नसून नागरिकांच्या ‘कर्तव्यबोधा’चे काम होय, असा शोध केंद्र सरकारने लावला. २०२२ ते २०२७ या काळासाठी मंजूर केलेल्या नव भारत साक्षरता कार्यक्रमाचा सारा डोलारा बिनपगारी स्वयंसेवकांवर उभारण्यात आला. तरतूद किती? पाच कोटी निरक्षरांसाठी १०३७.९० कोटी रुपये. म्हणजे माणशी, पाचही वर्षांचे मिळून, जेमतेम २०७ रुपये! ‘प्रौढ शिक्षण’ हे नाव मात्र तत्परतेने पुसून ‘सर्वांसाठी शिक्षण’ ही पाटी लावली गेली. पाटी बदलण्यास पैसे लागत नाहीत.

हे निरक्षर कोण? २०११ च्या जनगणनेत पुरुषांतील साक्षरता ८०.९ टक्के आढळली, स्त्रियांतील ६४.६, दलित स्त्रियांतील ५६.५ आणि आदिवासी स्त्रियांतील ४९.४. जी शेतमजूर स्त्री दिवसभर दुसऱ्याच्या रानात राबते आणि घरी परतून चूल, पाणी, सरपण सांभाळते, तिच्यासाठी वर्ग भरवायचा तर तो रात्री, तिच्याच वस्तीत आणि दीर्घकाळ भरला पाहिजे. फावल्या वेळेच्या परोपकारातून हे साधत नाही.

२००९ ची ‘साक्षर भारत’ योजना आदर्श होती असे नव्हे. दरमहा २००० रुपयांवर प्रेरकांना राबविणे ही पिळवणूकच होती, आणि तेवढेही मानधन अनेक राज्यांत थकले. तरीही सात कोटींच्या उद्दिष्टात सहा कोटी स्त्रिया होत्या आणि ग्रामपंचायतीत लोकशिक्षण केंद्र होते. मार्च २०१८ मध्ये ती योजना गुंडाळली गेली आणि प्रेरक रस्त्यावर आले. नवा कार्यक्रम उगवला तो चार वर्षांनी.

नव्वदच्या दशकातील मोहिमाही स्वयंसेवकांनीच चालविल्या होत्या, असे यावर सांगितले जाईल. खरे आहे. परंतु तेथे स्वयंसेवक एकाकी नव्हता. कलापथके, जनसंघटना आणि जिल्हा प्रशासन त्याच्या पाठीशी उभे होते, आणि अक्षराची सांगड रोजीरोटीशी घातलेली होती. तामिळनाडूतील पुदुक्कोट्टईत खाणीवर दगड फोडणाऱ्या स्त्रियांच्या गटांना खाणी भाडेपट्ट्याने मिळाल्या; हजारो ग्रामीण स्त्रिया सायकल चालवू लागल्या. आंध्रातील नेल्लोर जिल्ह्यात साक्षरता वर्गातील चर्चेतूनच दुबगुंट्याच्या स्त्रिया दारूच्या गुत्त्यावर चालून गेल्या. ते लोण राज्यभर पसरले, १ ऑक्टोबर १९९३ पासून अरकावर बंदी घालावी लागली आणि जानेवारी १९९५ मध्ये संपूर्ण दारूबंदी आली. १९९७ मध्ये महसुलाच्या सबबीखाली ती शिथिल झाली, हेही बोलके आहे.

सत्ताधारी वर्गाला धास्ती आहे ती या साक्षरतेची. कर्जाच्या कागदावर सही करणारी स्त्री त्याला चालते; हजेरीपट वाचून मजुरीचा हिशेब मागणारी चालत नाही.

म्हणून महिला संघटनांनी व शेतमजूर युनियनांनी प्रत्येक ग्रामपंचायतीत कायमस्वरूपी केंद्र, किमान वेतनावर नेमलेल्या शिक्षिका आणि प्रेरकांच्या थकबाकीची भरपाई या मागण्या ग्रामसभेच्या ठरावापासूनच पुढे रेटल्या पाहिजेत.