घरच्या घरी ‘सुधारलेली’ वेप

संगमनेरची जुनी ओळख विडीची. व्यसनाचे साधन बदलले, की धोकाही बदलतो. 2019 च्या केंद्रीय कायद्याने ई-सिगारेटचे उत्पादन, आयात, विक्री, साठवणूक आणि जाहिरात यांवर बंदी आहे. तरी चोरून मिळवलेली धातूची वेप घरीच ड्रिल, कानस, सोल्डरिंग वापरून ‘जोरदार’ करू पाहणारे असतात.

यातला धोका शाळेतल्या ओहमच्या नियमाने कळतो. साध्या धातूच्या नळीत प्रवाह रोखणारे सर्किटच नसते. पूर्ण चार्ज झालेला लिथियम सेल 4.2 व्होल्ट देतो. कॉइलचा रोध 0.1 ओहमवर आणला, तर प्रवाह 42 अँपिअर होतो. अशा अनेक सेलची मर्यादा 20 अँपिअर किंवा त्याहून कमी असते. सेल तापतो, वायू सुटतो आणि वायूला वाट नसेल तर नळी फुटते. वेपच्या स्फोटाने 2018 मध्ये फ्लोरिडात आणि 2019 मध्ये टेक्सासात एकेकाचा जीव गेला. टेक्सासातल्या तरुणाच्या मानेतली रक्तवाहिनी फाटली होती.

भाजल्यास कपडे काढून वीस मिनिटे वाहते पाणी सोडा. हळद, टूथपेस्ट लावू नका. कायद्याच्या भीतीने कारण लपवू नका. बॅटरी फुटल्याचे डॉक्टरांना स्पष्ट सांगा, कारण तिच्यातले रसायन त्वचा जाळत राहू शकते.

नळी सुधारण्यापेक्षा सवय सोडणे सोपे आहे. त्यासाठी 1800-11-2356 ही राष्ट्रीय हेल्पलाइन मोफत आहे.