आग खोटी, फेस खरा

‘समोर विमान पेटलंय आणि तुम्ही भूजलाचं काय घेऊन बसलात?’ फ्लोरीनयुक्त अग्निशामक फेसावर बंदीचा विषय निघाला की हा सवाल ठरलेलाच. ऐकायला बिनतोड. १९६७ साली ‘फॉरेस्टल’ या अमेरिकी विमानवाहू जहाजावरच्या आगीत १३४ जणांचे प्राण गेले, आणि त्यानंतर या फेसाचा प्रसार झपाट्यानं झाला. पेटत्या इंधनावर तो पातळ पापुद्रा पसरवतो, वाफ खाली कोंडतो. त्याचं हे कसब कोण नाकारील?

पण जमिनीत जो फेस मुरला, त्यातला बराचसा सरावाच्या मैदानांवरचा. खड्ड्यात इंधन ओतायचं, आपणच पेटवायचं, आपणच विझवायचं आणि उरलेलं मातीत जिरू द्यायचं. असं वर्षानुवर्षं. ऑस्ट्रेलियात ओकीच्या लष्करी हवाई तळावर हेच चाललं; २०१४ मध्ये आसपासच्या लोकांना बोअरचं पाणी पिऊ नका म्हणून सांगावं लागलं. त्या मैदानावर कुणाचा जीव धोक्यात होता? मग ‘माणूस की पर्यावरण’ हा पेच आणलात कुठून? उलट तो फेस सर्वांत आधी अंगावर घेतला जवानांनीच. त्यातल्या पीएफओए या रसायनाला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २०२३ मध्ये थेट कर्ककारक ठरवलं.

पण म्हणून आग विझवणाऱ्या सगळ्याच रसायनांना एका माळेत ओवू नये. सोसायटीच्या जिन्यातल्या लाल सिलिंडरमधली पूड बहुधा मोनोअमोनियम फॉस्फेटची, म्हणजे खताच्या गोणीतलीच. उडाली तर ठसका लागेल, झाडून घ्यावी.

‘पर्याय कुचकामी आहेत’ हा दुसरा आक्षेप. ओझोन कुरतडणाऱ्या हॅलॉन या आग विझवणाऱ्या वायूबद्दलही हेच ऐकलं होतं. प्रगत देशांनी १९९४ पासून त्याचं उत्पादन थांबवलं. कॉम्प्युटरच्या खोल्या काही जळून गेल्या नाहीत. विमानांत मात्र जुना साठा अजून पुरवून वापरतात, हे कबूल. फ्लोरीनमुक्त फेसही उणा आहेच: पापुद्रा धरत नाही, नुसती बुडबुड्यांची गोधडी घालतो, म्हणून मोठ्या टाकीवर जास्त लागतो. तरी हीथ्रो विमानतळानं तो स्वीकारला. २०२३ मध्ये अमेरिकी संरक्षण खात्यानंही जमिनीवरच्या वापरासाठी त्याचं मानक काढलं. जहाजं तेवढी वगळली आहेत, आणि जहाजांबद्दल वाद घालायला माझी हरकत नाही. सरावासाठी मात्र फ्लोरीन नसलेला वेगळा फेस बाजारात केव्हापासूनच मिळतो.