दानासाठी किती बिअर विकायची?

सगळा नफा समाजकार्याला देणाऱ्या लहान ब्रुअरी गेल्या पंचवीसेक वर्षांत अमेरिका-युरोपात निघाल्या आहेत. मिनियापोलिसची ‘फिनेगन्स’ २००० साली भुकेल्यांना अन्न मिळावं या हेतूने सुरू झाली. लंडनची ‘टोस्ट एल’ २०१६ पासून बेकऱ्यांत उरलेल्या पावापासून बिअर बनवते आणि अन्नाची नासाडी थांबवण्याच्या कामाला पैसा देते. या मंडळींच्या हेतूबद्दल शंका घ्यायचं मला कारण दिसत नाही. पण नफा कुठे जातो, हे विचारण्याआधी तो किती कमवायचा आणि ते कोण ठरवणार, हे विचारायला हवं. बिअरच्या धंद्यातलं दान खरं ठरायचं असेल तर विक्रीला वरची हद्द असली पाहिजे, असं माझं मत आहे.

अशी हद्द पाळता येते याचा दाखला बेल्जियममध्ये आहे. वेस्टव्लेटेरन गावाजवळच्या सेंट सिक्स्टस मठातले ट्रॅपिस्ट या कॅथलिक पंथाचे संन्यासी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धापासून बिअर बनवत आले आहेत. ‘ट्रॅपिस्ट’ ही मोहोर देणारी संघटना १९९७ साली स्थापन झाली. तिच्या अटी साध्या आहेत: बिअर मठाच्या आवारातच आणि संन्याशांच्या देखरेखीखाली बनावी, मठाच्या जीवनक्रमात ब्रुअरीचं स्थान दुय्यम असावं आणि मिळकत संन्याशांचा चरितार्थ व इमारतींची देखभाल भागवून उरली तर गरजूंकडे जावी. २००५ साली बिअरच्या चाहत्यांनी या मठाच्या बिअरला जगातली सर्वोत्तम ठरवलं आणि दारात गाड्यांच्या रांगा लागल्या. कुठल्याही कारखानदाराने अशा वेळी नवी यंत्रं बसवली असती. मठाने उत्पादन वाढवलं नाही. फोनवर नोंदणी घ्यायची, गाडीमागे ठरावीक खोकीच द्यायची, पुढे कुणाला विकायची नाही, असे नियम घातले. इमारतीच्या बांधकामाला पैसा हवा होता तेव्हा २०११-१२ मध्ये एकदाच दुकानांतून आणि परदेशात खास विक्री केली. गरज भागली, ती विक्री थांबली. गरज आधी ठरली आणि विक्री तिच्या मापाने झाली, हा क्रम मला फार मोलाचा वाटतो.

यावर आक्षेप येतो की जास्त विकलं तर जास्त दान होईल, मग हात आखडता का घ्यायचा? वह्या किंवा साबण विकणाऱ्याच्या बाबतीत मी हा आक्षेप मान्य केला असता. दारूचं तसं नाही. दारूचं कोणतंही प्रमाण आरोग्याला निर्धोक नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट सांगितलं. २०१९ या एका वर्षात दारूमुळे जगभरात सुमारे २६ लाख मृत्यू झाले, असा तिचा अंदाज आहे. शिवाय या धंद्याच्या खपातला मोठा वाटा थोड्या, पण भरपूर पिणाऱ्यांचा असतो. विक्री वाढवायची म्हणजे बहुधा त्यांचाच पेला पुन्हा भरायचा. त्यात आपण पितोय ते सत्कार्यासाठी, असं समाधान मिळालं की पुढच्या पेल्याला नाही म्हणणं आणखी अवघड होतं.

दुसरं उदाहरण डेन्मार्कच्या कार्ल्सबर्ग ब्रुअरीचं, आणि ते माझ्या विरोधात जाऊ शकेल इतकं भक्कम आहे. तिचे संस्थापक याकॉप क्रिस्तियान याकॉबसेन यांनी १८७६ साली विज्ञानासाठी प्रतिष्ठान स्थापन केलं आणि आपली ब्रुअरी पुढे त्याच्याच हाती सोपवली. कार्ल्सबर्गच्या प्रयोगशाळेत एमिल हान्सेन यांनी १८८३ मध्ये शुद्ध यीस्ट वाढवण्याची रीत शोधली आणि ती स्पर्धकांनाही खुली केली गेली. आम्लता मोजायचं पीएच हे मापही याच प्रयोगशाळेत, १९०९ साली, सॉरेनसेन यांनी मांडलं. हे ऋण नाकारता येणार नाही. पण पुढे काय झालं तेही पाहा. कंपनीत निम्म्याहून अधिक भांडवल प्रतिष्ठानाचंच असावं, हा नियम प्रतिष्ठानाने २००७ मध्ये सैल केला. मतांचं बहुमत राखलं, भांडवलाची अट मात्र २५ टक्क्यांवर आणली, कारण कंपनीला मोठी खरेदी करायची होती. त्या खरेदीत रशियातली बाल्टिका ही प्रचंड ब्रुअरी कंपनीच्या नियंत्रणाखाली आली आणि २०२३ मध्ये रशियन सरकारने तिचा ताबा घेतला. दान घेणारा मालक झाला तरी त्याला धंद्याच्या वाढीची ओढ लागतेच, हे यातून दिसतं.

हद्द घातली तर लहान ब्रुअरी टिकेल का, ही शंका रास्त आहे. मॅसॅच्युसेट्समधल्या स्पेन्सर इथल्या मठाची ब्रुअरी, अमेरिकेतली पहिली ट्रॅपिस्ट ब्रुअरी, परवडेना म्हणून २०२२ मध्ये बंद झाली. मठ मात्र चालू राहिला. जॅम-मुरंब्यांचा त्याचा जुना उद्योग होताच. नफा दानाला द्यायची शपथ घेतलेल्या साध्या कंपनीपुढे असा आडोसा नसतो. पगार, भाडं, कर्जाचे हप्ते आणि विस्तार यांतून उरेल तो नफा, आणि बऱ्याचदा काहीच उरत नाही. म्हणून ‘शंभर टक्के नफा’ या शब्दांपेक्षा प्रत्यक्ष दिलेली रक्कम आणि विकलेले लिटर दरवर्षी शेजारी-शेजारी छापले जावेत.

आपल्याकडे हा प्रश्न दूरचा नाही. पुण्या-मुंबईत मायक्रोब्रुअरी रुजल्या आहेत. टीव्हीवर दारूची जाहिरात करता येत नाही, म्हणून त्याच नावाचा सोडा दाखवला जातो. उद्या त्याच नावाचं दान दाखवलं जाईल. हद्द कुणी आखावी, याचा एक अनुभव महाराष्ट्राच्या गाठीशी आहे. गावातल्या निम्म्याहून अधिक महिला मतदारांनी मतपत्रिकेवरच्या आडव्या बाटलीला, म्हणजे दारूबंदीला, मत दिलं तर दारूचं दुकान बंद होतं. विकणारा किंवा महसूल घेणारा नव्हे, तर ज्यांच्या घरात दारूची झळ पोचते त्या बायका तिथे ठरवतात. दान देणाऱ्या ब्रुअरीच्या नियमावलीतही वर्षाला किती लिटर विकायची हे लिहिलेलं असावं, आणि तो आकडा वाढवायला ब्रुअरीच्या मालकाची किंवा पैसे घेणाऱ्या संस्थेची संमती पुरेशी नसावी. व्यसनमुक्तीचं काम करणाऱ्या, त्या पैशातला एकही रुपया न घेणाऱ्या माणसांची संमती लागावी.