पाण्यावांचून राहणारें कासव

कासव म्हटलें कीं आम्हां विटेकरांच्या डोळ्यांपुढें विहीर येते, नाहींतर येरळेचा डोह. शब्दही त्याच बाजूचे. ‘कच्छप’ या संस्कृत नांवांतला ‘कच्छ’ म्हणजे पाण्याचा कांठ. परंतु सह्याद्रीच्या दक्षिण भागांत, कर्नाटक, केरळ व तामिळनाडु येथील अरण्यांत, एक कासव असें आहे कीं त्याचा सारा संसार जमिनीवर चालतो. बूलेंजर या प्राणिशास्त्रज्ञानें १९०७ सालीं त्याचें वर्णन करून त्यास त्रावणकोरचें नांव दिलें.

लांबी सुमारें एक फूट, पिवळट तपकिरी कवचावर काळे डाग, पाय हत्तीसारखे खांबवजा. ओलसर रानांत व बांबूच्या बेटांत गवत, कोवळा पाला, गळलेलीं फळें खाऊन तें राहतें. मेलेला बेडूक किंवा किडा सांपडला तर तोही सोडीत नाहीं. कासवास साधु म्हणणाऱ्यांनीं एवढें ध्यानांत घ्यावें! इंडोनेशियांतील सुलावेसी बेटावरचें कासव आणि हें एकच, असें शास्त्रज्ञ कांहीं काळ मानीत. मधें एवढा समुद्र असतां हें घडलें कसें, हा प्रश्न २००१ सालीं आनुवंशिक द्रव्याच्या परीक्षेनें मिटला. जाती निराळ्या ठरल्या.

नोव्हेंबर ते जानेवारी हा मीलनाचा काळ. तेव्हां डोळ्यांभोंवतीं व नाकाजवळ लालसर छटा चढते, आणि नर कवचानें धडका देऊं लागतात. मादी उथळ खळग्यांत अंडीं घालते तीं एक ते पांच, अधिक नाहींत. वणवा लागला तर या प्राण्यास पळतां येत नाहीं, आणि मांसासाठीं त्यास उचलून नेणें तर पोराचेंही काम. इतकी तुटपुंजी वीण ही तूट कशी भरून काढणार?

हें सांगण्याचें कारण घरगुती आहे. शुभ म्हणून कासव पाळण्याची हौस सुशिक्षित घरांतही शिरली आहे. चोरून विकलें जातें तें बहुधा पाठीवर चांदण्यांची नक्षी असलेलें तारांकित कासव, तेंही भूचरच. हौस फिटल्यावर त्यास विहिरींत सोडणें म्हणजे पुण्य नव्हे, बुडवून मारणें होय. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानें तें पाळणें गुन्हा आहे, आणि २०१९ पासून त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरही बंदी आहे. घरीं असें कासव आलेंच असेल तर तें वनखात्याच्या स्वाधीन करावें. जवळच्या माळावरही सोडूं नये. त्याचें मूळ रान कोणतें हें आपणांस ठाऊक नसतें, आणि बंदिवासांत जडलेला रोग तें रानांतल्या कासवांस देऊं शकतें.