न विचारलेला प्रश्न

तळोद्याच्या तहसील कचेरीत, मेवासी वनविभागात, नाहीतर आदिवासी विकास प्रकल्पाच्या कार्यालयात फौजेतून आलेला एखादा माणूस भेटतोच. गट क आणि ड च्या पदांत माजी सैनिकांना 15 टक्के समांतर आरक्षण आहे, त्याचा हा परिणाम. तशी फौजेतून सरकारी नोकरीत येण्याची वाट आपल्या खान्देशाला जुनीच. इंग्रज अधिकारी औट्रमने 1825 साली उभी केलेली भिल्ल पलटणही शेवटी पोलिसातच विलीन झाली.

या फौजींचा एक ठरलेला प्रश्न असतो: "साहेब, तिकडची वर्षं इकडच्या पेन्शनला धरतात का?"

धरतात, पण फुकट नाही. केंद्राच्या 1972 च्या पेन्शन नियमांत दोन वाटा दिल्या होत्या. पहिली, लष्कराची पेन्शन चालू ठेवा, मग ती सेवा नागरी पेन्शनला मोजली जाणार नाही. दुसरी, लष्कराची पेन्शन सोडा, घेतलेली पेन्शन, ग्रॅच्युइटी आणि विकलेल्या पेन्शनची रक्कम जास्तीत जास्त 36 हप्त्यांत परत करा, म्हणजे वयाच्या अठरानंतरची फौजेतली वर्षं जोडून मिळतील. महाराष्ट्राच्या 1982 च्या नियमांतही तत्त्व हेच.

आता हिशोब मांडू. अठराव्या वर्षी भरती झालेला जवान 17 वर्षांनी पेन्शन घेऊन घरी आला, दोन-तीन वर्षं परीक्षा दिल्या आणि अडतिसाव्या वर्षी वनरक्षक म्हणून रुजू झाला. अठ्ठावन्नाव्या वर्षी त्याची नागरी सेवा भरते 20 वर्षं. पूर्वी पूर्ण पेन्शनला 33 वर्षं लागत, तेव्हा जोडणीला अर्थ होता. सहाव्या वेतन आयोगानंतर 20 वर्षांत पूर्ण पेन्शन मिळू लागली. अशा माणसाने लाखो रुपये परत करून वर्षं जोडली तर हातची पेन्शन जाते आणि मिळत काहीच नाही. पूर्वी त्याच्यामागे पत्नीला दोनपैकी एकच कुटुंब निवृत्तिवेतन मिळे. केंद्राने 2012 मध्ये ती अडचणही दूर केली.

खरी गरज आहे ती वेगळ्याच माणसाला. जवानाला पेन्शनसाठी 15 वर्षांची सेवा लागते. सात-आठ वर्षांत फौज सोडून आलेल्याला पेन्शन नसते, मिळालेली असते ती थोडीफार ग्रॅच्युइटी. ती परत केली की त्याची सात-आठ वर्षं मोजली जाऊ शकतात. उशिरा नोकरी लागून ज्याची 20 वर्षं भरत नाहीत, त्याच्यासाठी ही वर्षं सोन्याची.

पण या निवडीला नेमणुकीच्या आदेशापासून ठरावीक मुदत आहे. एकदा दिलेला पर्याय बदलता येत नाही. आणि काहीच लिहून दिलं नाही तर माणसाने पहिली वाट निवडली असं धरलं जातं. केंद्राच्या नियमात एक वाक्य मात्र फार मोलाचं आहे: नेमणुकीचा आदेश काढणाऱ्या अधिकाऱ्यानेच हा पर्याय लेखी विचारायचा आहे. म्हणजे नियम शोधून काढणं ही फौजीची जबाबदारी नाही, विचारणं ही कचेरीची आहे. सातपुड्याच्या पाड्यावरून आलेल्या, घरातल्या पहिल्याच नोकरदार माणसाने तिशीत नियमांचं पुस्तक चाळावं आणि आस्थापनेच्या बाबूने गप्प बसावं, हा न्याय मला पटत नाही. विचारलंच नसेल, तर त्याच्या गप्प राहण्याला होकार कसं म्हणायचं?

राज्यात 1 नोव्हेंबर 2005 रोजी किंवा त्यानंतर लागलेल्यांना जुनी पेन्शनच नाही, त्यामुळे हा खटाटोप त्यांना सहसा लागू नाही. भरतीची जाहिरात त्या तारखेपूर्वीची असेल तर 2024 मध्ये राज्याने जुन्या पेन्शनचा पर्याय दिला, तेवढं त्यांनी तपासावं. पुढचा प्रश्न अग्निवीरांचा. चार वर्षांच्या त्या सेवेला पेन्शनही नाही आणि ग्रॅच्युइटीही नाही. उद्या ही पोरं पोलिसात, वनखात्यात आली, तर परत करायला त्यांच्याकडे पेन्शन नसेल. मग ती चार वर्षं कुठे मांडायची, हे सरकारने त्यांच्या नेमणुका होण्याआधी ठरवावं.

तोवर जुन्या पेन्शनमध्ये असलेल्या आणि अजून निवृत्त न झालेल्या माजी सैनिकांनी एक करावं. आपलं सेवापुस्तक मागून घ्यावं, त्यात लष्करी सेवेची आणि पर्यायाची नोंद आहे का ते पाहावं. नसेल तर पर्याय विचारलाच नव्हता हे नमूद करून, डिस्चार्ज बुकची प्रत जोडून आजच लेखी अर्ज द्यावा आणि पोच घ्यायला विसरू नये.