ठिबकची नळी, पित्ताची नळी

नांदेड-लातूरकडं पित्तनलिकेत स्टेंट घातलेल्या माणसाला तीनेक महिन्यांनी थंडी वाजून ताप आला, डोळे पुन्हा पिवळे झाले, की घरात निकाल लागतो: डॉक्टरनं हलकी नळी घातली. शेजारी दुसरा निकाल देतात: पथ्य मोडलं.

पहिला आरोप आधी तपासू. हॅम्बुर्गच्या डॉ. सोहेंद्रांनी १९८०च्या सुमारास एंडोस्कोपीतून प्लास्टिकची नळी घालायला सुरुवात केली, तेव्हापासून ती तुंबतच आली आहे. १० फ्रेंच मापाची नळी बाहेरून जेमतेम ३.३ मिलिमीटर. जंतू आत चिकट थर धरतात, त्यांच्या एन्झाइममुळं बिलिरुबिन सुटं होतं, कॅल्शियमशी मिळून त्याचा गाळ साचतो. ठिबकवाल्याला हे नवं नाही. क्षारानं ड्रिपर बुजला म्हणून तो कंपनीला शिव्या घालत बसत नाही. आम्ल सोडतो, लॅटरल धुतो. पित्ताच्या नळीत आम्ल सोडता येत नाही, ती बदलावीच लागते.

आणि पथ्य? तुंबलेल्या नळ्यांत वनस्पतींचे तंतू सापडले आहेत, हे खरं. पण ते आतड्यातून उलटे चढलेले असतात, कारण नळीमुळं पित्तमार्गाचं दार उघडंच राहतं. त्यासाठी मेथीच्या भाजीला गुन्हेगार ठरवायचं कारण नाही.

शिकलेल्यांचा भरवसा डिझाइनवर. कडेची भोकं गाळ धरतात म्हणून बिनभोकांची टेफ्लॉनची ‘टॅननबाउम’ नळी आली, लेपही आले. प्रयोगशाळेत आशा वाटली. रुग्णांवरच्या तुलनांत भरीव फरक दिसला नाही. फरक पाडला तो व्यासानं. आत फुलून १० मिलिमीटरपर्यंत उघडणारी धातूची जाळी १९९२च्या ‘लॅन्सेट’मधल्या डच अभ्यासात सरासरी (मध्यक) २७३ दिवस खुली राहिली, प्लास्टिकची १२६. रुग्णांचं आयुष्य मात्र त्यानं वाढलं नाही. शिवाय जाळीतून कर्करोगाची गाठ आत वाढते, आवरण घातलं तर जाळीच घसरू शकते.

तरीही गाठ शस्त्रक्रियेपलीकडची असेल आणि हाताशी काही महिने असतील, तर पहिल्याच वेळी धातूची जाळी घालणं रास्त. ती महाग आहे खरी. पण उपचारासाठी हैदराबादची खेप, मुक्काम, सोबतच्याचा बुडालेला रोज आणि दुसऱ्यांदा एंडोस्कोपी एवढं धरलं की प्लास्टिकची स्वस्ताई झपाट्यानं आटते. खड्यांसाठी तात्पुरती प्लास्टिकची नळी पुरते. मात्र तिथंच खरी चूक होते: कावीळ उतरते, माणूस जेवायला लागतो आणि नळी विसरली जाते.

डिस्चार्ज कार्डावर बदलायची तारीख मराठीत, ठळक लिहायला हवी, आणि ती ठरवताना घरचा हंगामही विचारायला हवा. जूनअखेर घातलेल्या प्लास्टिकच्या नळीची तीन महिन्यांची मुदत सप्टेंबरअखेर, ऐन सोयाबीनच्या काढणीच्या तोंडावर येते. त्या आठवड्यात हैदराबादची गाडी धरायला घरात मोकळं कुणीच नसतं.