बाटलीतला बाणकृमी

प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत मी बाणकृमी प्रथम पाहिला तो फॉर्मॅलिनच्या बाटलीत, पांढरट, शिजलेल्या शेवईसारखा. जिवंतपणी हा प्राणी काचेसारखा पारदर्शक असतो, हे बाटली सांगत नाही. परीक्षेत ‘टिपा लिहा’मध्ये त्याला चार-पाच गुण, की संपले नाते! माझी तक्रार इथेच आहे.

डोक्यावरच्या आकड्यांनी तो कॉपेपॉड धरतो. काही जातींच्या भात्यात टेट्रोडोटॉक्सिन हे जहाल विषही असते. डार्विनने १८४४ साली त्याच्यावर निबंध लिहिला, पण याचे सगेसोयरे कोण, हे कोडे त्यालाही सुटले नाही. भ्रूणाची वाढ पाहावी तर तो तारामाशाच्या आणि आपल्याही बाजूचा वाटतो. जनुके तपासावीत तर निघतो पलीकडच्या गोटातला. (बेळगावकरांना सीमाप्रश्न नवा नाही!) कुठल्याच प्रकरणात बसत नाही, म्हणून पुस्तकात तो शेवटी कोंबलेला.

फीतकृमीचेही तेच. आतड्याच्या वर द्रवाने भरलेल्या पिशवीत त्याची सोंड असते. पिशवीचे स्नायू आवळले की द्रवाच्या दाबाने ती सदऱ्याची बाही उलटावी तशी बाहेर फेकली जाते नि भक्ष्याला विळखा घालते. हे आकृती गिरवून कळायचे नाही.

चोर्ला घाट उतरला की गोव्याचा समुद्र. आमच्या सहली मात्र देवळे नि बागा पाहून परततात. पुढच्या सहलीत एक सकाळ ओहोटीसाठी राखावी, दगड उलटून पाहावेत, अशी प्राध्यापकांना विनंती आहे. कन्नड विभागातले मित्रही येतील. पहिली वर्गणी माझी.